नाशिकात जुनी गाडी घेतोय, बघायला जाताना नेमकं काय तपासू?

पवननगरकर

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच गाडी घेतोय आणि तीही जुनी, त्यामुळे जरा धास्ती आहे. वडिलांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं, मंगळवार आणि शुक्रवार, आम्ही सिडकोत राहतो आणि हॉस्पिटल मुंबई नाक्याच्या बाजूला, आजवर रिक्षाने करत होतो पण परत येताना त्यांना इतका थकवा असतो की रिक्षात बसल्याबसल्या मान टाकतात, आणि पावसाळ्यात तर रिक्षा मिळेपर्यंत त्यांना गेटवर धरून उभं राहावं लागतं. म्हणून आता ठरवलंच. बजेट सगळं धरून चार लाख, अडीच जमलेत, बाकी पतसंस्थेतून उचलणार.

दोन गाड्या नजरेत आहेत. एक इंदिरानगरची स्विफ्ट पेट्रोल, २०१६, एमएच १५ पासिंग, ६२ हजार रनिंग, सेकंड ओनर आहे आणि त्यांच्याकडे २०२० पासून आहे, ४.१० म्हणतायत. दुसरी स्विफ्ट डिझेल, २०१५, ९८ हजार, एका डीलरकडे उभी आहे, ३.६० ला देतो म्हणाला आणि "दोन दिवसांत टोकन दिलं नाही तर जाईल" असंही म्हणाला. रविवारी सकाळी दोन्ही बघायला जायचंय. गाडी मला चालवता येते पण बॉनेटच्या आतलं काही कळत नाही. कृपया नीट सांगा, हे पैसे परत उभे राहणार नाहीत.

पाना_पक्कड

भाऊ, अंबड लिंक रोडला माझं गॅरेज आहे, बावीस वर्षं हेच काम करतोय.

गाडी थंड असताना बघायची, हे सगळ्यात आधी. आदल्या रात्री फोन करून सांगा की मी सकाळी सातला येतोय, तोपर्यंत चालू करू नका. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर गाडी आधीच चालू करून ठेवली होती आणि का केली ते त्याला तिथेच विचारा. खरं काय ते थंड इंजिनातच दिसतं, सेल्फ एका दमात लागतो का, पहिल्या दहा-पंधरा सेकंदांत आतून खडखड येते का, मागून धूर कसला येतो. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, तिथून सरळ घरी या. पांढरा धूर आपल्याकडे थंडीत सकाळी येतोच, ती वाफ असते आणि गाडी तापली की जाते, पण तापल्यावरही पांढरे ढग येत राहिले आणि कूलंटच्या डब्यात पाणी कमी असलं तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाच्या वरच्या सीलचा, खर्च समोर उभा आहे. ऑइल टाकायचं झाकण उघडून उलटं करा, आतल्या बाजूला चहावरच्या सायीसारखा दुधट थर दिसला तर ऑइलमध्ये पाणी जात असण्याची शक्यता आहे.

ठोकलेली गाडी ओळखायची तर वरचा रंग बघू नका, पेंटर आजकाल इतकं छान काम करतात की आम्हीही फसतो. बॉनेट उघडा आणि बिजागरीचे आणि फेंडरचे बोल्ट जवळून बघा, मोबाईलची बॅटरी लावून. कंपनीतून आलेल्या बोल्टवर बॉडीचाच रंग असतो आणि सहाही कोपरे अखंड असतात. एकदा पाना लागला की कोपऱ्यावरचा रंग उडतो आणि आतलं लोखंड चमकतं. फक्त फेंडर बदललाय तर घाबरू नका, आपल्या रस्त्यांवर नऊ-दहा वर्षांत फेंडर बदलणं साहजिक आहे. पण त्याच्या आत चाकावर जो पत्रा असतो, त्याला आम्ही एप्रन म्हणतो, त्याच्या कडेला कंपनीच्या स्पॉट वेल्डिंगचे गोल खळगे सारख्या अंतरावर दिसले पाहिजेत. एका बाजूला खळगे आहेत आणि दुसऱ्या बाजूला गुळगुळीत लांबी, म्हणजे पुट्टी, भरलीय, असं दिसलं तर गाडी जोरात ठोकलेली आहे. तसंच दाराची रबरं हाताने ओढून पिलर बघा, आणि डिकीतली स्टेपनी काढून तिच्याखाली बघा. छोटं चुंबक मऊ कापडात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा, लांबी जाड असेल तिथे धरणार नाही.

टायरवर चार आकडी नंबर असतो, २३१९ असेल तर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी कितीही चांगली दिसली तरी सहा-सात वर्षांचं टायर मी माझ्या गिऱ्हाइकाला ठेवू देत नाही, तेव्हा चार टायरचे पैसे सौद्यातून कमी करून घ्या.

चालवून बघताना त्याच्या गल्लीत फेरी मारून खूश होऊ नका. पाथर्डी फाट्यावरून हायवेला लागा, विल्होळीपर्यंत जाऊन या, ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंगवरची पकड जरा हलकी करा, एका बाजूला ओढते का बघा. ब्रेक लावल्यावर स्टिअरिंग थरथरलं तर ब्रेकची डिस्क खराब. मग गावातले स्पीडब्रेकर हळूहळू घ्या, काच खाली, रेडिओ बंद, खालून टकटक आली तर लिंक रॉड, बुश, लोअर आर्म या सस्पेन्शनच्या भागांपैकी काहीतरी. ते मोठं काम नाही, फक्त आधी माहीत पाहिजे म्हणजे भावात धरता येतं.

आणि परत येऊन गाडी पाच मिनिटं चालू ठेवून एसी लावून उभी करा, रेडिएटरचा पंखा चालू होतो का ते बघा, तापमानाचा काटा अर्ध्याच्या वर जायला नको.

जुना_मायकोवाला

पवननगरकर, मी सातपूरला मायकोत, म्हणजे आताच्या बॉशमध्ये, नोकरी केली, इंजेक्टरमध्येच आयुष्य गेलं, म्हणून डिझेलबद्दल चार शब्द.

तुमचा रोजचा वापर सिडको ते मुंबई नाका. पाच-सहा किलोमीटर जायचं, गाडी चार तास उभी, परत तेवढंच. एवढ्यात डिझेल इंजिन धड तापतही नाही. ९८ हजार चाललेल्या गाडीत इंजेक्टर, टर्बो, क्लच हे सगळे खर्च तोंडावर आलेले असतात, आणि कॉमन रेलचा इंजेक्टर हा सुईच्या टोकाएवढ्या भोकांचा मामला आहे, आम्ही तिथे मायक्रॉनमध्ये बोलायचो. भेसळीच्या किंवा पाणी मिसळलेल्या डिझेलने तो खराब झाला की चारही काढून तपासावे लागतात. घ्यायचीच असेल तर इंजेक्टरची रिटर्न लीक टेस्ट करून घ्या, चार नळ्यांत चार इंजेक्टरचं परत येणारं डिझेल साठवतात, एका नळीत बाकीच्यांपेक्षा खूप जास्त आलं तर तो इंजेक्टर गेलेला आहे. डीलर ही टेस्ट करू देणार नसेल तर विषय संपला. पण माझं मत विचाराल तर डिझेलच्या वाटेला जाऊच नका, पन्नास हजार स्वस्त दिसतेय ती त्याच कारणाने.

भावाचंही सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, वरचा सेसही गेला, नव्या गाड्या स्वस्त झाल्या. विकणारा "आम्हाला तेव्हा ऑनरोड इतके लागले" असं सांगत असेल तर तो हिशोब आता चालत नाही. आजच्या नव्या गाडीच्या किमतीवरून मागे मोजा.

नाशिकरोड_भाऊसाहेब

मंडळींनी इंजिनाचं छान सांगितलंय, मी कागदाचं सांगतो कारण मी त्यात पोळलोय.

२०१८ साली मी एका डीलरकडून गाडी घेतली, पूर्ण पैसे दिले, आरसीवर फायनान्स कंपनीचा बोजा होता, डीलर म्हणाला कर्ज फिटलंय, एनओसी आठ दिवसांत येते, तोवर तुम्ही गाडी वापरा. मी वापरली. चौथ्या महिन्यात पहाटे दारातून गाडी उचलून नेली, मूळ मालकाचे हप्तेच थकलेले होते. कागदावर गाडी त्याची, बोजा फायनान्सचा, माझ्याकडे काय तर डीलरच्या लेटरहेडवरची पावती. अर्धे पैसे मिळवायला दोन वर्षं गेली, अर्धे गेलेच. त्या दिवशी सकाळी माझी मुलगी क्लासला जायला दप्तर घेऊन खाली उतरली होती आणि रिकामी जागा बघून मला हाक मारली, ते अजून आठवतं.

म्हणून कळकळीने सांगतो, कर्ज फिटणं आणि बोजा उतरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ आरटीओत जाऊन आरसीवरून नाव निघालं पाहिजे. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका, बोजा आहे का, विमा कधीपर्यंत, कितवा मालक, पीयूसी, सगळं दिसतं. राज्याच्या ई-चलनच्या साइटवर दंड बघा, दंड गाडीच्या नंबरवर असतो, तो नंतर तुमच्या गळ्यात. चॅसिस नंबर स्वतः गाडीवर वाचून आरसीशी आकडा न आकडा ताडून बघा, फोटो काढून घ्या.

नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं असतं, घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. मूळ मालकाच्या मोबाईलवर ओटीपी येतो त्यामुळे डीलर मध्ये असला तरी मालकाशी स्वतः बोला, भेटा, आधार बघा. "टीटी फॉर्मवर (म्हणजे याच नाव बदलायच्या फॉर्मवर) सही घेऊन ठेवलीय" यावर विसंबू नका. इसार द्यायचा तो दहा-वीस हजार, तोही ऑनलाइन, आणि पावतीवर गाडीचा नंबर आणि "बोजा न उतरल्यास परत" हे लिहून. थोडी रक्कम नाव लागेपर्यंत हातात ठेवा. ज्याला खरी गाडी विकायचीय तो याला नाही म्हणत नाही, आणि दोन दिवसांची घाई करणाऱ्याला तर दोन दिवस जाऊच द्या.

गंगापूररोडची_ताई

दादा, मी एक सांगू का, तुमच्या बाबांना सोबत घेऊन जा आणि गाडीत बसवून बघा. सगळे इंजिन बघतायत पण बसणार ते आहेत. माझ्या सासूबाईंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा कळलं, स्विफ्टची सीट खाली आहे, बसताना आधी वाकावं लागतं मग खाली टेकावं लागतं आणि उठताना तर दोघांनी धरून काढावं लागायचं. वॅगनआरसारखी उंच गाडी असली की माणूस खुर्चीत बसल्यासारखा सरळ बसतो. डायलिसिसनंतर अंगात त्राण नसतं, त्यात हातावर फिस्च्युला (डायलिसिससाठी ऑपरेशन करून केलेली रक्तवाहिन्यांची जोडणी) असेल तर त्या हाताला धरून ओढताही येत नाही. दार किती उघडतं तेही बघा. आणि पुढेमागे व्हीलचेअर लागली तर डिकी मोकळी पाहिजे, म्हणजे सीएनजीवाली बघत असाल तर टाकीने डिकी भरलेली असते हे लक्षात ठेवा.

दुसरं पाण्यात बुडालेल्या गाडीचं. २०२२ मध्ये आम्ही एक गाडी घेतली, एमएच ०८ पासिंग, म्हणजे रत्नागिरी, आम्हाला काही संशय आला नाही, गाडी दिसायला लखलखीत, नवीन सीट कव्हर, आत सुगंधी डबी. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पूर आला होता हे डोक्यातच आलं नाही. पहिला पाऊस पडला आणि आत ओल्या पोत्यासारखा वास यायला लागला, मग पॉवर विंडो आपोआप खाली, मग एके रात्री हॉर्न वाजायला लागला तो थांबेना, वायर काढावी लागली. मेकॅनिकने सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून दाखवला, जिथपर्यंत रोज वापरतो तिथपर्यंत स्वच्छ धुतलेला आणि त्याच्या आतला पट्टा मातकट, एक सरळ रेष आखल्यासारखी. त्या रेषेकडे बघून मला रडू आलं. सगळं धुतात पण तेवढं विसरतात. म्हणून चारही बेल्ट पूर्ण ओढून बघा, सीट पुढेमागे सरकवून खालच्या रुळावर गंज बघा, पायाखालचं मॅटिंग उचलून हात लावा. वास घ्यायचा असेल तर आधी काचा बंद करून गाडी थोडा वेळ उन्हात उभी करा आणि ती सुगंधी डबी बाहेर काढायला लावा.

लांब कशाला जायचं, आपल्याकडे गोदाघाटावर लावलेल्या गाड्याही पुरात गेल्यात. घाटावरची दुतोंड्या मारुतीची मूर्ती पुरात बुडाली की आपण फोटो काढायला जातो, पण तिथून निघालेल्या गाड्या पुढे कुठेतरी विकल्या जातातच ना.

निफाडची_बाग

शेतकऱ्याची गाडी मिळत असेल तर एक जास्तीची गोष्ट बघा. आम्ही बागायतदार लोक डिकीत खताच्या गोण्या, औषधाचे कॅन सगळं टाकतो, युरिया सांडतो, ओल धरली की पत्रा खातो. वरून गाडी एकदम टकाटक असते पण डिकीचं मॅट उचललं की तळाला फोड आलेले असतात, नखाने दाबलं की पापुद्रा निघतो. आमच्या भावकीतल्या एकाची अशीच आहे, तो विकताना सांगेलच, पण सगळे सांगत नाहीत.

मीटरचंही बघा. ६२ हजार म्हणतायत ना, मग ब्रेक आणि क्लचच्या पेडलचं रबर बघा, उजव्या कडेला गुळगुळीत झालं असेल तर गाडी सांगतात त्यापेक्षा जास्त चालली असल्याची शंका घ्या. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नंबर सांगितला की मालकाच्या परवानगीने हिस्टरी काढून देतात, दर सर्व्हिसचे किलोमीटर त्यात असतात.

पवननगरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. डिझेलवाल्याला नाही म्हणून सांगितलं. ताई, तुमचं वाचून आईला वाचून दाखवलं, फिस्च्युला डाव्या हाताला आहे, आम्ही हा विचारच केला नव्हता. रविवारी बाबांना नेतोय. एक शंका, विम्याच्या कागदावर काय बघायचं? मालकाने पॉलिसीचा फोटो पाठवलाय, त्यात नो क्लेम बोनस २० टक्के लिहिलंय.

जुना_मायकोवाला

हे बरं झालं विचारलंत. बोनस म्हणजे विम्याच्या हप्त्यातली सूट, त्याची पायरी असते, एक वर्ष क्लेम नाही तर २०, मग २५, ३५, ४५ आणि ५०. गाडी २०२० पासून त्यांच्याकडे असेल आणि क्लेमच घेतला नसेल तर आत्तापर्यंत ५० ला पोचायला हवा होता. २० आहे म्हणजे मागच्या एक-दोन वर्षांत क्लेम झालाय, किंवा मध्ये विमा तुटला होता. कशाचा क्लेम ते विचारा आणि बिल मागा. बोनस मात्र गाडीबरोबर तुम्हाला मिळत नाही, तो त्यांचाच राहतो. आणि गाडी घेतल्यावर १४ दिवसांत विमा तुमच्या नावावर करा, नाहीतर थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचा) विमा चालू राहतो पण तुमच्या गाडीचं नुकसान कोणी भरून देत नाही.

पवननगरकर

रविवारचं सांगतो. सातला पोचलो, बॉनेट कोमट. मालक म्हणाले दूध आणायला गेलो होतो. असेलही. क्लेमचं विचारलं तर आधी म्हणाले बंपर, बिल मागितल्यावर म्हणाले शोधावं लागेल. मी मोबाईलची बॅटरी लावून बोल्ट बघितले, डाव्या बाजूचे अखंड, उजवीकडच्या चारही बोल्टचे कोपरे उडालेले, आणि आतल्या एप्रनवर डावीकडे गोल खळगे दिसतायत आणि उजवीकडे सपाट. अगदी तुम्ही लिहिलं होतं तसंच. फोटो पाना_पक्कड दादांना पाठवला, त्यांनी दोन मिनिटांत फोन केला की सोडा. शिवाय बाबा बसले तेव्हा मी आणि आई दोघांनी धरून उठवलं, ते काही बोलले नाहीत पण नंतर म्हणाले, रिक्षा बरी.

मग दादांच्याच गिऱ्हाइकाची एक वॅगनआर निघाली, २०१७, फक्त पेट्रोल, पहिलेच मालक, जेलरोडला राहतात, रिटायर्ड आहेत, डोळ्यांमुळे आता चालवत नाहीत. ५४ हजार, सगळ्या सर्व्हिसची बिलं एका फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावलेली, पॉलिसीवर बोनस ५०. सेल्फ एका दमात. मागचे दोन टायर २०१८ चे निघाले आणि खालून थोडी टकटक आहे. बाबा स्वतः दार उघडून बसले आणि स्वतः उतरले. ३.४५ म्हणत होते, टायर आणि बुशचं दाखवल्यावर ३.३० ला ठरलं. वीस हजार इसार दिलाय, बोजा कधीच नव्हता, एमपरिवहनवर बघितलं. पेठ रोडला आरटीओत कागद द्यायला काका स्वतः येतो म्हणालेत, त्यांचे पन्नास हजार नाव लागल्यावर द्यायचे ठरलेत आणि त्यांनीच ते सुचवलं.

पाना_पक्कड

चांगली गाडी आहे, माझ्याच हातातली आहे. मंगळवारच्या आत माझ्याकडे आणा. इंजिन ऑइल, फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल चारही बदलून टाकू, मागचं कधी बदललं याचा विचारच करायचा नाही. ब्रेक लायनर मी चाक काढून बघतो. मागचे दोन्ही टायर त्याच दिवशी टाकू, आणि पुढच्या डाव्या सीटचा बेल्ट बाबांना कुठे टोचतो का ते त्यांना बसवूनच बघू, त्यांना घेऊन या.